नागपूरची दिव्या देशमुख
(इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, पेडगाव)

बाईंनी प्रत्येकाला एका खेळाडूची माहिती लिहायला सांगितली. वर्गातल्या बहुतेक पोरांनी क्रिकेटवालेच घेतले. मी बुद्धिबळाची खेळाडू घेतली आहे. तिचे नाव दिव्या देशमुख. ती नागपूरची आहे, आणि ती ग्रँडमास्टर आहे. ग्रँडमास्टर म्हणजे काय ते पुढे सांगते.

आधी खेळाविषयी थोडे. बुद्धिबळाचा पट चौकोनी असतो. त्यावर आठ गुणिले आठ म्हणजे ६४ घरे असतात, निम्मी काळी व निम्मी पांढरी. एका बाजूला राजा, वजीर, दोन हत्ती, दोन उंट, दोन घोडे आणि आठ प्यादी, अशा सोळा सोंगट्या. हत्ती सरळ चालतो, उंट तिरका चालतो, घोडा अडीच घरे उडी मारतो. वजीर कसाही चालतो. राजाला शह दिला आणि त्याला पळायला जागाच उरली नाही, की मात झाली. हा खेळ मूळचा आपल्या भारतातलाच आहे. जुन्या काळी त्याला चतुरंग म्हणत. इथून तो इराणात गेला, मग अरबांकडे, मग युरोपात. तिकडे त्याचे नियम बदलले आणि बदललेले नियम परत आपल्याकडे आले.

आमचे आबा अजून जुन्याच देशी नियमांनी खेळतात. त्यांच्या डावात प्यादे पहिल्यांदासुद्धा एकच घर चालते, आणि राजाला साऱ्या डावात एकदा घोड्याची उडी मारता येते. प्यादे पलीकडे पोचले तर ज्या सोंगटीच्या घरात पोचेल ती सोंगटी होते. पुस्तकात तसे नाही. पुस्तकात प्यादे पहिल्या वेळी दोन घरे जाऊ शकते, आणि पलीकडे पोचले की आपण मागू ते मिळते. सगळे जण वजीरच मागतात. यावरून आबांची न् माझी रोज भांडणे होतात. आबा म्हणतात, "माय, तुझं पुस्तक इंग्रजांचं हाय." मी म्हणते, "आबा, दिव्या याच नियमांनी जिंकली की!" मग ते गप बसतात. पण डाव मात्र तेच जिंकतात.

आता दिव्याची माहिती. दिव्याचा जन्म ९ डिसेंबर २००५ रोजी नागपूर येथे झाला. तिचे आईवडील दोघेही डॉक्टर आहेत. तिची मोठी बहीण बॅडमिंटन शिकायला जायची. दिव्या तेव्हा लई लहान होती, बॅडमिंटनचे जाळे तिच्यापेक्षा उंच. म्हणून तिला बुद्धिबळाच्या वर्गात बसवले. तेव्हा ती पाच वर्षांची होती. आपल्याकडे पाच वर्षांचे पोर अंगणवाडीत असते.

तिचे पहिले गुरू राहुल जोशी. त्यांनी तिला नागपुरातच शिकवले. २०१२ साली पाँडिचेरीला सात वर्षांखालील मुलींची राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती तिने जिंकली. २०१४ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात दहा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. (डर्बन म्हणजे गांधीजी जिथे वकिली करायला गेले होते तेच गाव.) ती पण दिव्याने जिंकली. मी हिशेब केला. तेव्हा तिला नऊ वर्षेसुद्धा पुरी झालेली नव्हती. म्हणजे ती आपल्या तिसरीतल्या पोरींएवढी होती! मग २०१७ साली ब्राझील देशात बारा वर्षांखालील मुलींमध्येही ती जगात पहिली आली.

नकाशात बाईंनी ब्राझील दाखवला. तो पार दुसऱ्या टोकाला आहे. आपल्याकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र असते. अशा ठिकाणी जायला पैसा लागतो, ही गोष्ट खरी आहे. आमच्या घरी मी दिव्याविषयी बोलले तेव्हा बापू म्हणाले, "तिचे मायबाप डॉक्टर हायेत, आपण कापूस वेचतो." बापूंचे बोलणे बरोबर आहे. मी त्यावर काही बोलले नाही. पण पट न् सोंगट्या यांना काही विमान लागत नाही. आमचा पट दादाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पट्टीने आखलेला आहे. सोंगट्या बापूंनीच परभणीच्या बाजारातून आणल्या, प्लास्टिकच्या आहेत. दोन प्यादी हरवली, तिथे आम्ही चिंचोके ठेवतो. पांढऱ्या बाजूच्या चिंचोक्याला चुना लावला आहे.

दिव्याचे पुढचे आता भरभर सांगते, कारण तिची बक्षिसे फार आहेत आणि कागद पुरणार नाही. २०२१ साली ती वूमन ग्रँडमास्टर झाली. २०२२ साली भुवनेश्वरला ती महिलांची राष्ट्रीय विजेती झाली, आणि त्यापुढची राष्ट्रीय स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला झाली तीही तिनेच जिंकली. २०२३ साली आशियाई महिला स्पर्धा जिंकली. २०२४ साली गुजरातमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा झाली. अकरा डावांत तिने दहा गुण मिळवले. जिंकले तर एक गुण, बरोबरी झाली तर अर्धा गुण, असा बुद्धिबळाचा हिशेब असतो. ती एकही डाव हरली नाही.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात हंगेरी देशात बुडापेस्ट येथे बुद्धिबळाचे ऑलिंपियाड झाले. त्यात देशांचे संघ खेळतात. भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही सोन्याचे पदक मिळवले. असे पहिल्यांदाच घडले. पुरुषांच्या संघात नाशिकचा विदित गुजराथी होता. महिलांच्या संघात दिव्या तिसऱ्या पटावर खेळत होती. तिने अकरा डावांत साडेनऊ गुण केले व स्वतःचे वेगळे सुवर्णपदकही मिळवले.

पण २०२४ च्या सुरुवातीची एक गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे. जानेवारीत ती नेदरलँड्स देशात एका मोठ्या स्पर्धेत खेळायला गेली होती. तेव्हा ती १८ वर्षांची होती. ती चांगली खेळली. पण बघणारे लोक तिच्या डावाविषयी न बोलता तिचे कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांविषयीच बोलत होते. तिला फार वाईट वाटले. घरी येऊन तिने हे सगळे उघडपणे लिहिले. मुलगे खेळतात तेव्हा लोक त्यांचा खेळ बघतात, मुली खेळतात तेव्हा खेळ सोडून बाकीचे सगळे बघतात, असे तिचे म्हणणे होते. बाईंनी हे वाचून दाखवले तेव्हा वर्गातल्या सगळ्या पोरी एकदम शांत झाल्या. पोरे मात्र खिदळत होती. मग बाईंनी त्यांच्याकडे बघितले.

आता ग्रँडमास्टर म्हणजे काय ते सांगते. ग्रँडमास्टर ही बुद्धिबळातली सर्वांत मोठी पदवी आहे. एकदा मिळाली की जन्मभर राहते. ती सहजासहजी मिळत नाही. त्यासाठी २५०० गुणांकन लागते, आणि तीन नॉर्म लागतात. नॉर्म म्हणजे मोठ्या स्पर्धेत, जिथे दुसरे ग्रँडमास्टर खेळत असतात तिथे, ठरवून दिलेल्या पातळीचा खेळ करून दाखवणे. असे तीनदा करायचे. वूमन ग्रँडमास्टर ही वेगळी पदवी असते आणि ती फक्त बायकांसाठी असते, तिची अट थोडी सोपी असते. नुसती ग्रँडमास्टर ही पदवी बाई आणि पुरुष दोघांना सारखीच. तिथे बाई आहे म्हणून एक गुणसुद्धा कमी मागत नाहीत. भारताचा पहिला ग्रँडमास्टर विश्वनाथन आनंद, तो १९८८ साली झाला. महाराष्ट्राचे पहिले प्रवीण ठिपसे, ते १९९७ साली झाले.

आणि आता जुलै २०२५.

जॉर्जिया नावाचा देश आहे. तिथे काळ्या समुद्राच्या काठी बाटुमी नावाचे गाव आहे. तिथे महिलांचा विश्वचषक झाला. १०७ खेळाडू होत्या. यात हरला की बाहेर, आपल्या कबड्डीच्या सामन्यांसारखे. वरच्या क्रमांकाच्या २१ जणींना पहिल्या फेरीत खेळावे लागले नाही. मग उरल्या ८६, त्यांच्या जोड्या ४३, म्हणून जिंकल्या ४३. त्यात त्या २१ मिळवल्या की बरोबर ६४ होतात. पटावर घरे ६४ आणि दुसऱ्या फेरीत खेळाडू ६४! हे गणित मी स्वतः केले आहे, पुस्तकातले नाही. पुढे ३२, १६, ८, ४, २.

दिव्याचा क्रमांक पंधरावा होता. म्हणजे तिच्यापेक्षा चौदा जणी वरच्या होत्या. ती जिंकेल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. तिने चीनच्या जू जिनर हिला हरवले, तिचा क्रमांक दुसरा होता. मग उपांत्यपूर्व फेरीत आपल्याच देशाच्या हरिका द्रोणावल्लीला हरवले. उपांत्य फेरीत चीनची तान झोंगयी आली. ती आधी जगज्जेती होती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसरा डाव १०१ खेळ्या चालला. म्हणजे दिव्याने १०१ वेळा सोंगटी हलवली आणि समोरचीने पण जवळजवळ तेवढ्याच वेळा. एवढा वेळ एका जागी बसून डोके चालवायचे म्हणजे काय सोपे आहे का? आम्ही कविता पाठ करताना अर्ध्या तासात चुळबुळ करतो. तो डाव दिव्या जिंकली.

अंतिम सामना झाला कोनेरू हंपीशी. हंपी आंध्र प्रदेशची. तीही भारताचीच! म्हणजे कुणीही जिंकले तरी चषक भारतातच येणार होता. पण हंपी लई मोठी खेळाडू. ती २००२ साली ग्रँडमास्टर झाली, भारतातली पहिली महिला ग्रँडमास्टर तीच. २००२ साली दिव्याचा जन्मसुद्धा झालेला नव्हता. एकीचे वय ३८ आणि दुसरीचे १९. मावशी आणि भाची खेळतात तसे झाले.

पहिले दोन मोठे डाव बरोबरीत सुटले. मग २८ जुलै रोजी जलद डाव ठेवले. त्यात प्रत्येकीला पंधरा मिनिटे, आणि दर खेळीला दहा सेकंद जास्त मिळतात. शेजारी घड्याळ असते. खेळी केली की घड्याळाचे बटण दाबायचे, मग दुसरीची वेळ सुरू होते. पहिला जलद डाव पण बरोबरीत. दुसऱ्या डावात दिव्याकडे काळ्या सोंगट्या होत्या. पांढऱ्याला आधी खेळायला मिळते म्हणून काळ्याचे थोडे अवघड असते. डाव लांबला, हंपीजवळची वेळ संपत आली, तिची चूक झाली, आणि दिव्याने ती चूक पकडली. अडीच विरुद्ध दीड गुणांनी दिव्याने विश्वचषक जिंकला. महिलांचा विश्वचषक जिंकणारी ती पहिली भारतीय.

जिंकल्यावर ती नाचली नाही की ओरडली नाही. ती रडली. तिची आई तिथेच होती, आईच्या गळ्यात पडून रडली. हे मोबाईलवर आम्ही सगळ्यांनी पाहिले. आमची आईपण पाहत होती. भाकरी थापता थापता तिने पदराने डोळे पुसले. आईला बुद्धिबळातले काहीही कळत नाही.

आता गंमत ऐका. दिव्याकडे तोपर्यंत ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. तीन पाहिजेत आणि एकही नाही! पण नियमच असा आहे की विश्वचषक जिंकणारीला ग्रँडमास्टर पदवी एकदम मिळते. म्हणून ती त्याच दिवशी ग्रँडमास्टर झाली. भारताची ८८ वी ग्रँडमास्टर. पण ८८ मध्ये बायका किती? फक्त चार. हंपी, हरिका, वैशाली आणि दिव्या. मी ८८ मधून ४ वजा केले, ८४ उरले. मग बाईंना विचारले, एवढ्या कमी काहून? बाई म्हणाल्या, तूच विचार कर आणि लिही.

मी विचार केला तो असा. आपल्याकडे मारुतीच्या पारावर दुपारी बुद्धिबळाचा डाव पडतो. बापे माणसे खेळतात, पोरे वाकून वाकून बघतात. पोरी तिथे बसत नाहीत. एकदा मी दादाबरोबर बघायला थांबले तर एक जण म्हणाले, "पोरीच्या जातीनं पारावर बसू नये, जा घरी." दादा बसला, मी घरी गेले. दादाला उंट कसा चालतो तेही तेव्हा नीट येत नव्हते. मला येत होते. आता माझ्या मोठ्या ताईचे सांगते. ती खो-खो फार चांगला खेळायची, तिला कोणी शिवू शकत नव्हते. सातवीनंतर तिचे खेळणे बंद झाले. कोणी रागावून बंद केले नाही. पाणी भरणे, लहान्याला सांभाळणे, वेचणीच्या दिवसांत रानात जाणे, असे करता करता आपोआपच बंद झाले. तिला विचारले तर ती हसते. दिव्याचा नववा-दहावा वाढदिवस झाला तेव्हा ती देश फिरत होती, आणि तेरा-चौदाव्या वर्षी तर ती अजून जास्त खेळत होती. जास्त खेळायच्या वयातच आपल्याकडच्या पोरी खेळायच्या थांबतात, हे मला ८४ आणि ४ च्या गणिताचे एक उत्तर वाटते. दुसरे काही उत्तर असेल तर मोठ्या मंडळींनी सांगावे.

आणि पोरींना बुद्धिबळ जमत नाही असे कोणी म्हणत असेल तर त्यांनी मुंबईच्या खाडिलकर बहिणींची माहिती ऐकावी. वासंती, जयश्री आणि रोहिणी अशा तिघी सख्ख्या बहिणी. १९७४ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदा झाली, ती वासंतीने जिंकली. त्यानंतर कितीतरी वर्षे ती स्पर्धा या तिघींच्याच घरात राहिली. १९७९ साली जयश्री ही भारताची पहिली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. सर्वांत धाकटी रोहिणी. ती १९७६ साली राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. त्यावर तक्रार झाली, प्रकरण कोर्टापर्यंत गेले. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितले की, बायकांना अशा स्पर्धेत खेळायला अडवता येणार नाही. पुढे १९८१ साली हैदराबादला ती आशियाई विजेती झाली. आमचे आबा त्या काळी जवान होते. त्यांना ही नावे विचारली तर म्हणाले, "तवा आपल्याकडं पेपर कुठं यायचा, माय."

दिव्या नागपूरला परत आली तेव्हा विमानतळावर तुडुंब गर्दी होती. तिथे तिने राहुल जोशी सरांचे नाव घेतले. दिव्याने ग्रँडमास्टर व्हावे अशी त्यांची फार इच्छा होती. पण ते २०२० साली वारले, त्यांना हे बघायला मिळाले नाही. हा विजय त्यांच्यासाठी, असे दिव्या म्हणाली. हे लिहून घेताना आमच्या बाई थोडा वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

बक्षिसाचे विचारायला सगळ्यांना आवडते म्हणून तेही सांगते. विश्वचषकाचे बक्षीस ५०,००० डॉलर, म्हणजे आपले सुमारे ४३ लाख रुपये. शिवाय महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरला सत्कार करून तिला ३ कोटी रुपये दिले. ३ कोटी लिहिताना तीनावर सात शून्ये येतात. हे ऐकल्यावर बापूंनी विचारले, "बुद्धिबळाला एवढे?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून घोड्याची चाल शिकून घेतली. अडीच घरांचे त्यांना अजून नीट जमत नाही, पण आता संध्याकाळी पट मांडला की ते बाजेवर बसून बघतात.

आता मुलामुलींसाठी एक कोडे देते. पटाच्या आडव्या घरांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत आणि उभ्या घरांना १ ते ८ आकडे. पांढरा खाली बसतो, तिथून मोजायचे. पटावर तीनच सोंगट्या उरल्या आहेत. काळा राजा कोपऱ्यात एच ८ वर आहे. पांढरा राजा जी ६ वर आहे. पांढरा हत्ती ए १ वर आहे. खेळी पांढऱ्याची आहे आणि एकाच खेळीत मात करायची आहे. हत्ती एच १ वर नेऊन शह दिला तर राजा जी ८ वर पळून जातो, तेव्हा ते उत्तर नाही. बरोबर उत्तर चिठ्ठीवर लिहून भित्तिपत्रकाखाली ठेवलेल्या खडूच्या रिकाम्या डब्यात टाकावे. मोठ्या माणसांनी टाकले तरी चालेल. ज्यांना पट पाहिजे त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर ओट्यावर यावे. पट आमचाच आहे, चिंचोक्यांचा. पोरींनी आधी यावे, कारण पोरे आली की जागा उरत नाही.